घारीचे की घाऱ्या डोळ्यांचे?

तुमचं आडनाव घारे आहे असं धरू. निफाडच्या तहसील कचेरीबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात, सातबाऱ्याची नक्कल हातात घेऊन तुम्ही उभे आहात. दुकानातला पोरगा कागदावरचं नाव वाचतो आणि सहज विचारतो, "घारे म्हणजे घारीवरून का हो काका, का डोळ्यांवरून?" तुमच्याकडे उत्तर नाही. वडिलांनी कधी सांगितलं नाही, त्यांना आजोबांनी सांगितलं नव्हतं. तुमचे डोळे काळेभोर आहेत. आजोबांचेही काळेच होते.

मोरे, कावळे, बगळे, पारवे, होले, ससाणे, पिंगळे, गरुड, राजहंस. आपल्या आडनावांत पाखरांचा थवाच्या थवा बसलेला आहे. ही पाखरं माणसांच्या नावात शिरली कधी, कुणी शिरवली, आणि कागदावर पक्की कुणी केली, याची चौकशी करायची तर मागे जायला हवं. चला.

सन १९१०, पौष महिना. अंगावर घोंगडी आहे तरी हुडहुडी भरते, निफाडची थंडी तेव्हाही तशीच आहे. तुम्ही नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीच्या काठी उभे आहात. वरच्या अंगाला कादवा गोदेला मिळते आणि संगमाच्या जरा खाली दगडी बंधारा उभा राहतो आहे. १९०७ ला काम निघालं, हातावेगळं व्हायला १९१३ उजाडणार आहे. घडीव दगडावर छिन्नीचा खणखणाट, चुन्याच्या घाणीला जुंपलेले बैल, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया. इथून दोन्ही काठांनी कालवे निघतील आणि कोपरगाव, राहात्याच्या कोरड्या रानात ऊस डोलू लागेल.

वर बघा. मजुरांच्या भाकरीवर डोळा ठेवून घारी घिरट्या घालताहेत. काठच्या बाभळीवर होल्यांची जोडी आहे, उकिरड्यावर कावळे आहेत. पण आज ज्या जागी हिवाळ्यात हजारो बदकं उतरतात, तिथं अजून नुसती वाहती नदी आहे. बंधाऱ्यामागे गाळ साचेल, गाळावर पाणवेली माजतील, उथळ दलदल तयार होईल, आणि मग हिमालयापलीकडून थापट्या, तलवार बदक, गडवाल यांचे थवे येऊ लागतील. १९८६ मध्ये इथं अभयारण्य जाहीर होईल, १०० चौरस किलोमीटरांचं. लोक त्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतील, आणि २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जगभर जाईल. हे सगळं अजून व्हायचं आहे.

ही गोष्ट मनात ठेवा, आडनावांचं कोडं उलगडायला ती उपयोगी पडते. थापट्या, तलवार बदक, गडवाल ही आजची नांदूरची मानकरी मंडळी. यांतल्या एकाच्याही नावाचं घराणं माझ्या ऐकण्यात नाही. आडनावं झाली ती बहुतेक दारातल्या, वळचणीच्या, बांधावरच्या आणि खळ्यावरच्या पाखरांची. कावळा रोज अंगणात येतो, पारवा देवळाच्या कोनाड्यात घुमतो, होला ज्वारीच्या खळ्यात दाणे टिपतो, पिंगळा गावकुसाच्या चिंचेवर बसून तिन्हीसांजेला कलकलाट करतो. टोपणनाव चिकटायला ते पाखरू गावातल्या प्रत्येकाला माहीत असावं लागतं. वर्षातून चार महिने येणाऱ्या पाहुण्याच्या नावानं सहसा कुणी शेजाऱ्याला हाक मारत नाही. आपली आडनावं बंधाऱ्याच्या आधीची आहेत, हे पाखरांची यादी वाचूनच कळतं.

आता नदीकडे पाठ करून गावात या. चावडीत कुलकर्णी मांडी घालून बसले आहेत. समोर उतरतं मेज, शेजारी दफ्तराचे रुमाल, हातात बोरू. १९०३ सालचा हक्कनोंदणीचा कायदा झाला आहे आणि कुठली जमीन कुणाच्या कब्जात, हे लिहून काढायचं काम गावोगाव चालू आहे. याच कागदांचा पुढे सातबारा होणार. ओळीत तुमचे खापरपणजोबा आहेत. पागोटं सारखं करत ते पुढे होतात.

"नाव?"

ते नाव सांगतात, बापाचं नाव सांगतात.

"आडनाव?"

"घारे लिवा, आण्णा."

बोरू मोडीत एक वळण घेतो, अक्षरावर वाळू भुरभुरते, झालं. घारे का, हे कुलकर्णी विचारत नाहीत. त्यांना सारा कुणाकडून घ्यायचा एवढ्याशी काम. पण त्या क्षणापासून ते नाव बदलता यायचं नाही. त्याच्या आधी नाव वाहतं होतं. माणूस गाव सोडून गेला की नव्या गावात त्याला जुन्या गावाचं नाव लागे, धंदा बदलला की धंद्याचं. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे, पेशव्यांना फुलं पुरवू लागल्यावर ते फुले झाले. सरकारी कागदानं, शाळेच्या रजिस्टरानं आणि रेहनखतानं हे वाहणं थांबवलं. ज्या पिढीत कागद आला, त्या पिढीला लोक जे म्हणत होते, तेच आज तुमच्या आधार कार्डावर आहे.

खापरपणजोबांना विचारावं असं तुम्हाला वाटतं. विचारा. ते हसतात, "आमचा आजा सांगायचा, लई जुनं हाय." आणखी मागे जावं लागणार.

१८ जानेवारी १८४२. निफाडमध्येच. रानड्यांच्या घरी मुलगा झाला आहे. मुलाचं नाव महादेव ठेवतील, तो न्यायमूर्ती होईल, सार्वजनिक सभेत राबेल, शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब मांडेल. आज तो पाळण्यात आहे आणि भटजी संकल्प सांगताहेत. नीट ऐका, 'भारद्वाज' हा शब्द कानावर येतो. रानड्यांचं गोत्र भारद्वाज. त्याच वेळी परसातल्या कुंपणातून खोल, घुमणारा आवाज येतो: ऊप, ऊप, ऊप. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा तो पक्षी आपल्याकडे भारद्वाजच. घरातून निघताना तो दिसला तर काम होतं, असं आपल्या आयाबाया अजून मानतात.

ऋषीचं नाव पाखराला लागलं की पाखराचं ऋषीला, हा वाद मी इथं घालत नाही. पण गोत्रं आणि शाखा यांत पाखरं किती जुनी आहेत ते पाहण्यासारखं आहे. संस्कृतात कौशिक म्हणजे घुबडसुद्धा. कृष्ण यजुर्वेदाची एक शाखा तैत्तिरीय, आणि तित्तिरी म्हणजे आपला तितर. याज्ञवल्क्यानं गुरूला परत दिलेली विद्या शिष्यांनी तितर होऊन टिपली, अशी तिची कथा पुराणात आहे. आडनाव ही चीज जन्माला येण्याच्या कितीतरी आधी माणूस स्वतःची ओळख पाखरावरून सांगत होता.

आणखी मागे. पानिपत होऊन काही वर्षं झाली आहेत. निफाडपासून जवळच विंचूर आहे, आणि तिथे विठ्ठल शिवदेव यांचा सरंजाम. पानिपतावर लढून आलेला हा सरदार. त्यांचं घराण्याचं आडनाव दाणी. पण विंचूर मिळालं आणि ते विंचूरकर झाले, इतके की आज दाणी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांनाच माहीत असतं. जहागिरीनं आडनाव पुसलं.

शेजारच्या एका गावात आज पाटीलकीचा तंटा सुटतो आहे. देवळासमोर गोत बसलं आहे, बारा बलुतेदार बसले आहेत, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जातो आहे. तुम्ही कुलकर्ण्याच्या खांद्यावरून वाकून बघा. आधी माणसाचं नाव, मग 'बिन', मग बापाचं नाव, मग कूळ, मग हुद्दा. लिहिणं झालं की निशाण्या. लिहिता येणारे फार थोडे, तेव्हा पाटील आणि कुणबी आपल्या नावापुढे नांगर काढतात, सुतार किंकरं काढतो, न्हावी आरसा. एकेका हत्याराचं चित्र उमटतं आणि माणूस कागदावर उभा राहतो. मला हे पान फार बोलकं वाटतं. अक्षरओळख नसलेल्या माणसाची ओळख चित्रात होती, आणि पाखराचं टोपणनाव हेही एक चित्रच आहे. ते लिहावं लागत नाही, उच्चारलं की दिसतं.

महजरावरून उठून लग्नघरी या. मोऱ्यांच्या घरी उद्या लग्न आहे आणि आज देवक बसवायचं आहे. घरातली वडीलधारी सुवासीण ताम्हनातून मोराचं पीस आणते, त्याला हळदकुंकू लावते, देवघरापाशी ते मांडते. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस. देवक जुळलं तर सोयरीक होत नाही, कारण देवक एक म्हणजे कूळ एक. साळुंख्यांत काही घराण्यांचं देवक साळुंकीचं पीस असतं. ज्या पाखराचं पीस पुजायचं, त्याला मारायचं नाही.

आता इतिहासकार म्हणतात, मोरे हे मौर्यांवरून आणि साळुंखे हे चालुक्यांवरून. ते खरं असण्याची शक्यता मोठी आहे. दुसऱ्या पुलकेशीच्या ऐहोळे शिलालेखात, सन ६३४ मध्ये, कोकणातल्या मौर्यांचा पराभव कोरलेला आहे, म्हणजे त्या काळापर्यंत मौर्य इथं नांदत होते. जावळीचे चंद्रराव मोरे, ज्यांच्याकडून शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली, त्यांचं घराणं याच परंपरेत बसवलं जातं. पण मग मौर्य तरी कुठून आले? बाराव्या शतकातला जैन पंडित हेमचंद्र सांगतो की चंद्रगुप्ताची आई मोर पाळणाऱ्यांच्या गावची. बौद्ध परंपरेतही मोरियांचं नातं मोरांशी जोडलेलं आहे. म्हणजे राजघराण्याची वाट धरली तरी शेवटी मोरापाशीच येऊन थांबावं लागतं. ताम्हनातलं पीस ठेवणाऱ्या त्या सुवासिनीला पुलकेशी माहीत नाही, हेमचंद्र माहीत नाही. तिनं सासूकडून पीस घेतलं आणि सुनेकडे दिलं, आणि तेवढ्यावर ही आठवण टिकली.

इथून थोडा लांबचा पल्ला घेऊ. तेराव्या शतकातलं ऱ्हाइन नदीकाठचं कोलोन. अरुंद गल्ल्या, चिखल, कोंबड्या, चर्चची घंटा. गावाचं शहर होतं आहे आणि एकाच गल्लीत पाच-पाच योहान राहताहेत. करारनामा लिहिणारा कारकून लॅटिनमध्ये नाव लिहितो आणि पुढे 'डिक्टुस' लिहितो, म्हणजे 'लोक ज्याला म्हणतात तो'. लोक एकाला फिंक म्हणतात, फिंच नावाच्या चिमुकल्या पाखरासारखा तो सदा आनंदी असेल, किंवा ती पाखरं पकडून विकत असेल. छाती काढून चालणाऱ्याला हान, म्हणजे कोंबडा. चिमणीएवढ्या माणसाला श्पेर्लिंग. सुतारपक्ष्यावरून श्पेश्ट, कावळ्याच्या मोठ्या भावावरून राबे, बहिरी ससाण्यावरून फाल्क. आपल्याला ही नावं परकी वाटतात, पण क्रिकेट बघणाऱ्यानं अॅरन फिंच आणि मार्टिन क्रो यांची नावं शेकडो वेळा घेतलेली आहेत. फिंच तेच पाखरू आणि क्रो म्हणजे सरळ आपले कावळे.

फ्रँकफुर्टच्या यहुदी गल्लीत आणखी एक रीत दिसते. घरांना क्रमांक नाहीत, दारावर चिन्हं टांगलेली आहेत. लाल ढालीचं चिन्ह असलेल्या घरातले लोक रोथशिल्ड झाले हे सगळ्यांना माहीत आहे. तसंच शहामृगाचं चिन्ह असेल तर श्ट्राउस, गरुडाचं असेल तर आडलर. तिथं पाखरू माणसाच्या स्वभावावरून आलं नाही, दारावरच्या पाटीवरून आलं.

आणि वारशानं आलेलं पाखरूही असतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव ऐकलं की कंदील डोळ्यापुढे येतो. नाइटिंगेल हा रात्री गाणारा पक्षी. पण तिच्या वडिलांचं जन्माचं आडनाव शोअर. त्यांना आईच्या बाजूच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली ती नाइटिंगेल हे नाव लावण्याच्या अटीवर, म्हणून १८१५ साली ते नाइटिंगेल झाले. दाणींचे विंचूरकर होतात, त्यातलाच हा प्रकार. हीच नाइटिंगेल पुढे हिंदुस्थानातल्या खेड्यांच्या आरोग्यासाठी झटली आणि रानडे ज्या सभेचे आधारस्तंभ होते त्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार झाला.

परत गोदाकाठी या, पण आता १६७२ च्या सुमाराला. मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी बागलाणात साल्हेरची लढाई जिंकली आहे आणि ती बातमी नदीच्या खोऱ्यातून गावोगाव चालली आहे. पिंगळे हे नावही पाखराचंच. अंगावर ठिपके असलेलं ते लहानसं घुबड म्हणजे पिंगळा, आणि भल्या पहाटे कंदील घेऊन, त्या पाखराची भाषा कळते असं सांगून भविष्य सांगणारा तोही पिंगळा. पिंगट रंगावरूनही हे नाव पडलं असू शकेल. तीन वाटा आहेत.

बातमी ऐकायला पारावर जमलेल्या माणसांत तुमचा मूळ पुरुष आहे. कुठला तो? पाटलांनी निरोप्याला कुणाला तरी बोलवायला सांगितलं आहे.

"सटवाजीला हाळी दे."

"कोन्च्या सटवाजीला, आबा? तीन हायेत."

"काळ्या न्हवं, गोऱ्या बी न्हवं. त्यो घारा."

घोळक्यातून एक उंच माणूस मान वर करतो. उन्हात त्याचे डोळे मधासारखे दिसतात. त्याच्या डोक्यावरून, खूप उंचावरून, एक घार निवांत तरंगत जाते. पण पाटलांनी तिच्याकडे पाहिलेलंही नाही.

हा प्रसंग मी रचलेला आहे, पण तो हवेत रचलेला नाही. मराठी आडनावं स्वतःच त्याची साक्ष देतात. होला, होले. कावळा, कावळे. बगळा, बगळे. पारवा, पारवे. ससाणा, ससाणे. आकारान्त पुल्लिंगी नाव, आणि घराणं झालं की त्याचं अनेकवचन. गोरा, गोरे आणि काळा, काळे हेही तसेच. ज्या नावाचा शेवट अकारान्त ते जसंच्या तसं राहतं: गरुड, राजहंस, वाघ. बालगंधर्वांचं आडनाव राजहंस होतं, राजहंसे नव्हतं. आता घार हा शब्द स्त्रीलिंगी. तिचं अनेकवचन घारी. त्या पाखरावरून आडनाव पडतं तर ते घार तरी राहिलं असतं. घारा, घारे हे मात्र डोळ्यांच्या रंगावरून अगदी सरळ होतं. नियम पोलादी नाही, साखर स्त्रीलिंगी असूनही साखरे आहेतच. तरी माझा कौल डोळ्यांकडे आहे. आणि याच मापानं मोजलं तर मोर या शब्दाचं अनेकवचन मोरच, म्हणून मोरे हे नाव थेट पाखरावरून न येता मौर्य, मोरिय असं वळण घेत आलं, हे इतिहासकारांचं म्हणणंही पटतं.

डोळ्यांचा रंग तीन पिढ्यांत पुसला गेला, नाव उरलं. तुमच्या आजोबांचे डोळे काळे होते यात नवल नाही.

पारावरून उठण्याआधी गावाबाहेर एक चक्कर मारा, कारण पाखरांचा विषय निघाला असताना ज्यांना पाखरं सगळ्यांत जास्त कळतात त्यांना टाळून जाणं बरोबर नाही. माळावर फासेपारध्यांची पालं आहेत. एक म्हातारा जमिनीला पोट टेकून, झुडपाच्या कडेनं फास मांडतो आहे. लहान लहान खुंट्या, त्यांत ओवलेले घोड्याच्या केसांचे फास, एकाला लागून एक, अशी लांबलचक माळ. मागे पिंजऱ्यात पाळलेला तितर. म्हातारा तोंडानं शीळ घालतो, पिंजऱ्यातला तितर ओरडतो, आणि झुडपातला रानतितर आपल्या हद्दीत कोण आलं हे बघायला तरातरा धावत येतो तो सरळ फासात. म्हाताऱ्याला मादीची साद, नराचं आव्हान, पिलांची किलबिल अशा वेगवेगळ्या शिळा येतात. एवढं पक्षिज्ञान त्या काळी कुठल्या दरबारात नव्हतं.

जर्मनीत पाखरं पकडणाऱ्याला फोग्लर म्हणत, इंग्रजीत फाउलर, आणि ही दोन्ही प्रतिष्ठित आडनावं झाली. सन ९१९ मध्ये जर्मन राजा झालेल्या हेन्रीला तर इतिहास 'पाखरं पकडणारा हेन्री' याच नावानं ओळखतो, त्याला राजा केल्याचा निरोप आला तेव्हा तो जाळी लावत होता अशी दंतकथा आहे. आपल्याकडे तेच कसब असलेल्या माणसावर १८७१ च्या कायद्यानं सुरू झालेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९११ मध्ये मुंबई इलाख्यात बसला. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातून पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. फासेपारध्यांची आडनावं पवार, चव्हाण, भोसले, काळे अशी आहेत. ज्यांचं सगळं आयुष्य पाखरांत गेलं त्यांच्या आडनावात पाखरू दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, ती व्हायलाच हवी होती, पण त्या शिळांचं ज्ञान कुणी लिहून घेतलं नाही याची मला खंत वाटते. अभयारण्यात वाटाड्या नेमताना पहिला हक्क या मुलांचा असायला हवा.

आता पुढे या, आजपर्यंत. येताना वाटेत एक उलटी गोष्ट दिसेल. माणसांनी पाखरांची नावं घेतली तशी पाखरांनाही गावची नावं दिली. ठोक ठोक करणारा सुतार. तांब्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी ओरडणारा तांबट, आणि नाशिकच्या तांबटांच्या आळीत हे नाव कसं सुचलं ते ऐकू येतं. पान शिवून घरटं करणारा शिंपी, पाण्याकाठी शेपूट आपटणारा परीट, घारीलाही पिटाळून लावणारा कोतवाल. पाण्यावरच्या काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या पाखराला तर कपाळावरच्या गोपीचंदनाची आठवण होऊन कुणीतरी वारकरी म्हटलं असावं. गावगाड्यातले सगळे मानकरी आभाळात आहेत. मारुती चितमपल्ली यांनी असली लोकांच्या तोंडची नावं आयुष्यभर वेचली आणि पक्षिकोशात घातली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर हिवाळ्यात शाळेच्या सहली येतात. त्यांत कुणी होले असतं, कुणी ससाणे. त्या मुलांना दुर्बिणीतून थापट्या दाखवतात, रोहित दाखवतात. मास्तरांना माझी एक विनंती आहे. हजेरीपट काढा आणि ज्याच्या आडनावात पाखरू आहे त्याला ते पाखरू आधी दाखवा. होला मनोऱ्याच्या पायऱ्यांशीच दाणे टिपत असतो, त्याला दुर्बीणही लागत नाही. ससाणा शोधावा लागेल, पण बदकांच्या थव्यामागे तो येतोच.

आणि तुमच्यासाठी एक काम. नाशिकला रामकुंडाजवळ तीर्थोपाध्यायांकडे घराण्यांच्या नामावळ्या आहेत. यात्रेला किंवा दिवसांच्या कार्याला आलेल्या आपल्या पूर्वजांनी स्वतःचं नाव, बापाचं, आजाचं, भावांचं नाव आणि मूळ गाव त्यांत लिहवून ठेवलेलं असतं, जुन्या वह्या मोडीत. निफाडहून नाशिक तासाभराच्या आत. मूळ गाव आणि कूळ सांगितलंत की गुरुजी वही काढतात. जाण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला तीन गोष्टी विचारा: देवक कोणतं, कुलदैवत कोणतं, आणि इथं येण्याआधी आपण कुठल्या गावचे. उत्तरं त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण ती माहीत असलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.